प्रोसेसर मामाचा, बोर्ड काकांचा

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलाकडच्यांनी स्पष्ट सांगितलं की आम्हाला आंदण नको, कपडालत्ता नको, काहीही नको. बाबांनी मान डोलावली, पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडून आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कपाट तर द्यावंच लागेल."

आमच्या खामगावात 'काहीही नको' हे वाक्य ऐकायची एक पद्धत आहे. समोरचा ते मनापासून बोलला असला तरी ऐकणारा मनापासून ऐकत नाही. आठवड्याच्या आत नातेवाइकांत वाटणी होऊन गेली. शेगावला खानावळ चालवणारी आत्या कपाट देणार, वायरिंगची कंत्राटं घेणारे काका दिवाण देणार, बाबा फ्रीज देणार. मुलाच्या घरी या तिन्ही वस्तू आधीपासून होत्या. मी तसं बाबांना सांगितलं. ते म्हणाले, आपल्याकडून गेलेल्या नाहीत ना.

मी एकतीस वर्षांची होते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करत होते, आणि मला आयुष्यात फक्त एक वस्तू हवी होती. मी म्हटलं, द्यायचंच असेल तर कॉम्प्युटर द्या. गेम खेळायचा. एकदम वरच्या दर्जाचा.

बाबा हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. खेळ ही गोष्ट दुधाच्या दातांबरोबर पडून जाते असं त्यांचं मत. लग्नाला उभी राहिलेली मुलगी गेम खेळते हे त्यांनी इतकी वर्षं ताप-खोकल्यासारखं सहन केलं होतं, जाईल आपोआप म्हणून. पण मी दिवसभर दुसऱ्यांचं रक्त बघते. संध्याकाळी मला तलवार घेऊन घोड्यावर बसायचं असतं आणि बर्फाच्या डोंगरावर जायचं असतं. माझ्या जुन्या मशीनवर तो घोडा एक पाय उचलायचा आणि पुढचा उचलावा की नाही याचा विचार करत उभा राहायचा. तेवढ्या वेळात राक्षस येऊन मला मारून निघूनही जायचा.

होणाऱ्या नवऱ्याला खेळांपैकी फक्त कॅरम कळतो. त्याला मी हे सगळं आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, खिडकीजवळ एक कोपरा रिकामा आहे, तिथे तुला हवं ते ठेव. या एका वाक्यावर मी लग्नाला खऱ्या अर्थाने तयार झाले असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

बाबा म्हणाले, बरं, दुकानातून एक चांगला आणू. मी म्हटलं, तयार नको. सुटे भाग घ्यायचे, मी स्वतः जोडणार. सुट्या भागांचं आंदण ही कल्पना त्यांना पचेना. पण सुटे म्हटल्यावर ते प्रत्येकाला एकेक वाटून देता येतात, हे ध्यानात येताच त्यांचा चेहरा उजळला. स्नेहसंमेलनाची कामं वाटून देणं हेच त्यांचं खरं कौशल्य होतं आणि निवृत्तीनंतर ते वाया चाललं होतं. आत्या कपाट देणारच होती, तर तिला पेटी, म्हणजे कॅबिनेट. काका विजेचे जाणकार, म्हणून मदरबोर्ड. सगळ्यात महाग भाग ग्राफिक्स कार्ड, तो बाबा. पडदा, म्हणजे मॉनिटर, लॅबमधले सहकारी मिळून देणार होते. उरलेलं किरकोळ, म्हणजे विजेचा डबा, रॅम वगैरे, माझं.

"आणि प्रोसेसर?" बाबांनी विचारलं.

मी म्हटलं, "मामा."

बाबा उठून उगाच कूलरमध्ये पाणी किती आहे ते बघून आले.

इथे मी एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझा मामा संग्रामपूरकडे असतो, केळीची बाग आहे त्याची. आई गेल्यापासून तो आमच्या घरी आला नव्हता. आई आजारी पडली तेव्हा मामाचं म्हणणं होतं, तिला ताबडतोब नागपूरला हलवा. काकांचं म्हणणं होतं, इतक्या लांबचा प्रवास तिला झेपणार नाही, अकोल्याला न्या. दोघंही तिच्या उशाशी उभे राहून भांडले. शेवटी अकोल्याला नेलं, आणि आई गेली. त्यानंतर पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तिच्या स्मरणाच्या वंदनेच्या दिवशी मामा एवढंच म्हणाला की माझं ऐकलं असतं तर. काका म्हणाले, दोन तास आधी निघालो असतो तर, पण तुम्ही वाद घालत बसलात. त्यानंतर ते दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मामा लग्नाला येतो की नाही याबद्दल नातेवाइकांत दोन तट होते, आणि जास्त लोक 'नाही'च्या बाजूने होते.

आमच्यात लग्न बौद्ध पद्धतीने लागतं. वंदना होते, त्रिसरण-पंचशील होतं, फुलांचे हार घातले की झालं. बाकीच्या बऱ्याच रीती घरातल्यांनी सोडून दिल्या आहेत. पण मुलीला हाताला धरून मंडपात आणायचं ते मामानेच, हे मात्र कोणी सोडलेलं नाही. मला मामा मंडपात हवा होता. बाकी कोणाला काय वाटायचं ते वाटो. आईच्या बाजूचं माझं दुसरं कोणी उरलेलं नव्हतं. प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू, पहिला मान त्याचा. तो मामाला दिला तर तो घेऊन त्याला यावंच लागेल, असा माझा हिशेब होता.

मी फोन केला. मामाने आधी विचारलं, "त्यायनं काय देल्लं?" त्यायनं म्हणजे काकांनी. मी सांगितलं, बोर्ड. मग मामाने विचारलं, दोन्हीत मोठं काय? मी म्हटलं, मेंदूच मोठा. तो म्हणाला, आणतो.

आता भाग जुळवायचे म्हणजे काय, ते मी बाबांना जेवायच्या टेबलावर ताटवाट्या मांडून समजावलं. प्रोसेसर बोर्डावरच्या चौकोनी खाचेत बसतो. प्रोसेसर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या दोन. एकीचा प्रोसेसर दुसरीच्या बोर्डावर बसत नाही, आणि बसवायला जोर लावला तर दोन्ही कामातून जातात. ग्राफिक्स कार्ड लांबीला जास्त झालं तर पेटीत मावत नाही. वीज पुरवणारा डबा कमी ताकदीचा असेल तर खेळ रंगात आला की मशीन बंद पडतं. एक बदललं की त्याच्या शेजारचं बदलावं लागतं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की यात पंखे किती आहेत. मी मोजून सांगितले. मे महिन्यात खामगावात आमच्या सगळ्या घराला मिळून तेवढे पंखे नव्हते. बाबा म्हणाले, मग आम्हीच त्या पेटीत राहायला जातो.

आत्या त्या वेळी घरी आलेली होती. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, म्हंजे ही बी सोयरीकच झाली म्हन की, गुन जुळवा, घरानं पाहा. हा विनोद पुढे मला प्रत्येक नातेवाइकाने ऐकवला, आणि तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला असं त्या प्रत्येकाला वाटलं.

मी प्रत्येकाला त्याच्या भागाचं नेमकं नाव मोबाइलवर पाठवलं. खाली लिहिलं, हाच घ्या, दुसरा चालणार नाही. हे वाक्य लिहिताना मी माझं बालपण विसरले होते.

आमच्या घरात मुलांसाठी कुठलीही वस्तू वाढत्या अंगाची आणतात. फ्रॉक वाढत्या अंगाचा, चपला वाढत्या पायाच्या. शाळेच्या गटाच्या फोटोत माझा गणवेश बसलेला आहे आणि त्याच्या आत कुठेतरी मी आहे. मामा तर दिवाळीला असा फ्रॉक आणायचा की तो मला बरोबर येईपर्यंत त्याचा रंग जाऊन जायचा. सांगितलेल्या मापाची वस्तू आणणं म्हणजे हात आखडता घेणं. या माणसांकडून मी सांगितलेलीच वस्तू यावी अशी अपेक्षा धरून बसले होते.

पहिली आली आत्याची पेटी. शेगावहून तिच्या खानावळीच्या भाजीच्या टेम्पोतून आली, कांद्याच्या पोत्यांच्या मधे. मी सांगितलेली पेटी टेबलाखाली मावणारी होती. ही पेटी आली ती पाहून शेजारच्या काकूंना खरंच फ्रीज आला असं वाटलं. काचेचं दार, आत रंगीत दिवे. आत्याला विचारलं तर म्हणाली, कपाट देतो म्हनलं होतं, तर कपाटावानी तर दिसाले पायजे का नाई.

मग बाबांनी कार्ड आणलं. त्यांनीही सांगितलेलं न आणता त्याच्या वरचं आणलं होतं, तीन पंख्यांचं, हातभर लांब. मी सांगितलेल्या पेटीत ते कुठल्याही बाजूने गेलं नसतं. आत्याच्या कपाटात मात्र आरामात मावलं. बाबा म्हणाले, बघ, जुळलं की नाही. आता यावर काय बोलणार. दोन चुका एकमेकींच्या मापाच्या निघाल्या.

काकांनी अकोल्याहून बोर्ड अगदी सांगितलेला आणला, मला दाखवला आणि स्वतःकडेच जपून ठेवला. ते कंत्राटदार, त्यांना नगाचा नंबर नीट वाचायची सवय. मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते.

मग मामाचा फोटो आला. अकोल्याच्या दुकानात काउंटरवर प्रोसेसरचा खोका धरून मामा उभा, चेहऱ्यावर बाग विकत घेतल्याचा आनंद. मी फोटो मोठा करून खोक्यावरचं नाव वाचलं आणि खाली बसले. कंपनीच दुसरी होती.

काय झालं ते मामाने फोनवर मोठ्या हौसेने सांगितलं. दुकानदाराने मी पाठवलेला नग काढून ठेवला. मामाने विचारलं, याच्या वरचा हाय काय? त्याने वरचा दाखवला. मामाने विचारलं, त्याच्याबी वरचा? असं वर वर जात दोघं त्या कंपनीच्या गच्चीवर पोचले. आणखी वर काही नाही म्हटल्यावर मामाने शेजारच्या कंपनीच्या गच्चीवर उडी मारली. बोर्ड कुठला आहे, असं त्या दुकानदाराने विचारलं होतं म्हणे. मामा म्हणाला होता, बोर्ड दुसऱ्या पार्टीचा हाय, त्याचा अन् आपला संबंध नाई.

मी म्हटलं, मामा, फार छान आहे. दुसरं काय म्हणणार होते? त्याने इतक्या दिवसांनी आमच्यासाठी काहीतरी घेतलं होतं. त्याला 'हा बसत नाही, काकांच्या बोर्डाला चालेल असा आण' असं सांगायचं म्हणजे पुन्हा एकदा काकांचं खरं आणि त्याचं खोटं ठरवायचं. तो प्रोसेसर बदलून देईल, कुरिअरने पाठवेल आणि स्वतः येणार नाही, हे मला दिसत होतं. आणि काकांना बोर्ड बदला म्हणायचं तर ज्या एकट्या माणसाने सांगितलेलं ऐकलं त्यालाच शिक्षा. शिवाय मामाचं खरं ठरलं म्हणून ते आख्ख्या लग्नात तोंड फुगवून फिरले असते.

मी बाबांना म्हटलं, मी गुपचूप दुसरा बोर्ड घेते, काकांचा ट्रंकेत ठेवून देते. कोण पेटी उघडून बघणार आहे? बाबा म्हणाले, थांब जरा, मी बघतो. बाबांचं 'मी बघतो' म्हणजे सहसा काही होत नाही, म्हणून मी निर्धास्त राहिले. तेवढ्यात आत्याने आणखी एक जाहीर केलं. लग्नाच्या मंडपात रुखवताच्या जागी हे मशीन मांडायचं, आणि चालू करून मांडायचं, म्हणजे मुलाकडच्यांना दिसेल. त्यासाठी लग्नाआधीच्या रविवारी सगळ्यांनी आमच्या घरी जमायचं आणि सगळ्यांसमोर मी ते जोडायचं, असं ठरलं. बदललेला बोर्ड लपवायचा माझा बेत तिथेच बारगळला. मी बाबांना म्हटलं, आता काय? ते पुन्हा म्हणाले, मी बघतो.

रविवारी मामा आला. दाराशी चपला काढून आत आला, आईच्या फोटोसमोर थोडा वेळ उभा राहिला आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसला. खोका मांडीवर. काका आधीच दिवाणावर बसलेले होते, त्यांचा खोका त्यांच्या मांडीवर. दोघांच्या मधे चार फरशा आणि बाबा.

मग संभाषण सुरू झालं, सगळं बाबांमार्फत. काका बाबांना म्हणाले, पंखा वाढवायचा का विचारा. मामा बाबांना म्हणाला, सांगा त्यायले, मले वारं लागून राह्यलं. काका बाबांना म्हणाले, केळीले भाव कसा हाय औंदा, विचारून पाहा. मामा बाबांना म्हणाला, ठीक हाय म्हना. दोघांनाही दोघांचं सगळं ऐकू येत होतं, तरी बाबा प्रत्येक वाक्य इमानेइतबारे इकडून तिकडे पोचवत होते. तिसऱ्या फेरीला त्यांचा घसा बसला.

नवीन वस्तू म्हटल्यावर आत्याने बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावली आणि सगळ्यांना पंचशील घ्यायला लावलं. त्या अवाढव्य पेटीसमोर हात जोडून आम्ही सगळे उभे. मला हसू येत होतं, पण आता खोके उघडावे लागणार होते आणि या खोलीत पुन्हा एक माणूस बरोबर आणि एक माणूस चूक ठरणार होता.

मी आधी काकांचा खोका घेतला आणि दचकले. हा तो बोर्ड नव्हताच. काकांनी बोर्ड बदलून आणला होता, मामाच्या प्रोसेसरच्या कंपनीचा. मी काकांकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते. हा माणूस कोणाला न सांगता एकटा जाऊन मामासाठी मागे सरला होता. मला त्यांच्याबद्दल एवढी माया कधी वाटली नव्हती. आता सगळं जुळणार, या आनंदात मी मामाचा खोका उचलला.

मामानेही बदलून आणला होता. काकांच्या पहिल्या बोर्डाला चालणारा. मी सांगितलेला, अगदी तोच.

मी दोन्ही खोके फरशीवर शेजारी शेजारी ठेवले आणि बसून राहिले. आत्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, बसत नाही. तिने विचारलं, कोनाचं कोनात? मी म्हटलं, मामाचा प्रोसेसर काकांच्या बोर्डात. आत्या म्हणाली, ते तर आधीच बसत नव्हतं ना? मी म्हटलं, हो. पण आता उलटं बसत नाही.

बाबांनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. तेव्हा मला समजलं की त्यांनी काय बघितलं होतं. त्यांनी दोघांनाही वेगवेगळा फोन केला होता. दोघांनाही सांगितलं होतं की तुमच्या दोघांच्या वस्तू एकमेकींत बसत नाहीत, पण तुम्ही मनाला लावून घेऊ नका, पोरगी काहीतरी करेल. आणि दोघंही एकच वाक्य बोलून मोकळे झाले होते: मी पाहतो, तुम्ही त्यायले सांगू नका. बाबांनी दोघांनाही शब्द दिला आणि दोघांचाही पाळला. मुख्याध्यापक माणूस, शब्दाला पक्का.

"दादा," काका बाबांकडे तोंड करून म्हणाले, "त्यायले विचारा, काऊन बदलवला म्हना."

मामाही बाबांकडेच पाहत होता. "भाऊजी, त्यायले म्हना, तुमाले कोनं सांगतलं होतं बदलवाले."

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी आता काही सांगत नाही," ते म्हणाले. "माझा घसा दुखतो आहे. तुम्हीच बोला."

आत्या चहा टाकायला उठली होती, ती दारातच थांबली. दोघांनी आपापल्या मोकळ्या मांडीकडे पाहिलं. मग काकांनी खाकरून घसा साफ केला आणि मामाकडे पाहिलं.

"भाऊ, तुमी काऊन बदलवला?"

"तुमचा बोर्ड वापस गेला असता, तं लग्नात पोरीचा काका खाली पाहून बसला असता," मामा म्हणाला. "मले ते चाललं नसतं."

"अन् मामानं खाली पाह्यलेलं मले चाललं असतं काय?"

मामाने उपरण्याने तोंड पुसलं. पुसता पुसता तो जे बोलला ते कॉम्प्युटरबद्दल नव्हतं. तो म्हणाला की ताईच्या वेळी मीच वाद घातला, तुमचं ऐकून लवकर निघालो असतो तर दोन तास वाचले असते. काका म्हणाले, नाही, चूक माझी, तुम्ही म्हणत होता तसं वहिनीला मोठ्या ठिकाणी न्यायला पाहिजे होतं. मामा म्हणाला, मुळीच नाही. काका म्हणाले, मी सांगतो ना. आवाज चढत गेले. इतकी वर्षं दोघं 'माझंच बरोबर होतं' म्हणून अबोला धरून होते, आणि आता 'माझंच चुकलं' म्हणून भांडत होते, तेवढ्याच जोरात. बाबांना मधे पडावं लागलं. ते म्हणाले की डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, कुठेही नेलं असतं तरी फरक पडला नसता. हे त्यांनी दोघांनाही आधी कित्येकदा सांगितलं होतं. त्या दिवशी ते दोघांनी पहिल्यांदा ऐकलं असावं, कारण भांडण तिथेच थांबलं. मामा रडत होता आणि मीही रडत होते, आणि लपवायचा प्रयत्न आमच्यापैकी कोणी केला नाही.

मग मामा उठला, फरशीवरचे दोन्ही खोके उचलले आणि काकांना म्हणाला, "तवा दोघं दोन गावाले ओढत होतो. आज एकाच गावाले जाऊ. चला."

काकांनी मोटरसायकल काढली. मामा मागे बसला, दोन्ही खोके दोघांच्या मधे दाबून धरलेले. आत्या चहा घेऊन बाहेर आली तोवर ते कोपऱ्यावरून वळले होते. तो चहा मग तिने आणि बाबांनी दोन-दोन कप प्यायला. बाबा पायरीवर बसून राहिले. मी म्हटलं, आत चला, ऊन आहे. म्हणाले, असू दे, इथे वारं आहे. वारं अजिबात नव्हतं.

ते दोघं ऊन उतरायला लागल्यावर परत आले. चेहरे घामाने थबथबलेले, पण शाळेतून बक्षीस घेऊन आल्यासारखे. अकोल्याच्या दुकानात काय झालं ते दोघांनी एकाच वेळी बोलून सांगितलं. काउंटरवर मामा म्हणाला, माझा प्रोसेसर बदला. काका म्हणाले, त्यांचं राहू द्या, माझा बोर्ड बदला. कोणी ऐकेना. मागे गिऱ्हाईकं खोळंबली. शेवटी दुकानदार म्हणाला, तुमच्या दोघांचंही राहू द्या, दोघंही बदला. नुकताच नवीन माल आला आहे, त्यातला बोर्ड आणि प्रोसेसर जोडीने घ्या. हे दोघांनाही पटलं, कारण यात दोघांनाही माघार घेता येत होती. शिवाय ती जोडी आधीच्या सगळ्यांच्या वरची होती.

दोघं दिवाणावर शेजारी बसले. मी बोर्ड टेबलावर ठेवला, बारीक कडी उचलली आणि प्रोसेसर खाचेवर अलगद सोडला. तो जराही जोर न लावता आपोआप खाली बसला. मी कडी लावली. आत्याने टाळी वाजवली. मामा काकांना म्हणाला, बसला. काका मामाला म्हणाले, बसला बॉ. कार्ड लागलं, विजेचा डबा लागला, पंख्यांच्या वायरी लागल्या. सगळ्यात शेवटी मी माझी रॅम हातात घेतली.

ती बसली नाही. बोर्ड नव्या पिढीचा होता, त्याला रॅमही नव्या पिढीची लागणार होती. माझी आधीच्या पिढीची, तिची खाच भलत्याच जागी. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी ओरडले असते. महिनाभर डोकं लावून एकेक भाग मी निवडला होता, आणि विजेच्या डब्यासारखं किरकोळ सोडलं तर त्यातला एकही भाग आता त्या पेटीत उरला नव्हता.

मी मान वर केली. मामा आणि काका दोघंही पुढे वाकून माझ्याकडे पाहत होते, आता चालू होईल म्हणून. मी रॅम मुठीत घेतली आणि म्हटलं की नवीन मशीन आहे, आजचा दिवस त्याला असंच राहू द्यायचं असतं, चालू उद्या करायचं. काकांनी, आयुष्यभर विजेचं काम केलेल्या माणसाने, हे कसं काय मान्य केलं कोण जाणे. म्हणाले, बराबर हाय, त्यालेबी आराम पायजे. मामा त्या रात्री आमच्याकडेच राहिला.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये अर्ध्या दिवसाची सुटी सांगून मी एकटी अकोल्याला त्याच दुकानात गेले. कोणाला सांगितलं नाही. दुकानदाराने रॅम उलटसुलट करून पाहिली, बोर्ड कुठला आहे ते विचारलं, आणि मी सांगताच हात थांबवून माझ्याकडे निरखून पाहिलं. मग नवीन रॅम काढता काढता त्याने जरा घाबरतच विचारलं, "तुमच्या घरचं आणखी कोणी यायचं राहिलंय का?"

"नाही," मी म्हटलं. "आता सगळे आले."